कडक भाकरी, बाबा आणि पंधरा वर्षांची लेक

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत. दीडेक वर्षापासून बाबा जेवायला बसले की तिचा चेहरा बदलतो. त्यांनी कडक भाकरीचा तुकडा मोडला की ती कानांवर हात ठेवते, आमटीचा भुरका मारला की "शी!" म्हणून ताटावरून उठते. कधी बाबांसारखंच तोंड हलवून मचमच आवाज काढते, वेडावून दाखवावं तशी. आता ती ताट घेऊन खोलीत जाते, दार लावते, कानात इअरफोन घालते. शाळेत मैत्रिणींबरोबर डबा खाताना मात्र तिला काही होत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, वरातीतला डीजे, सगळं चालतं. दोन वर्षांच्या चुलतभावाचं मचमच खाणं तर तिला गोड वाटतं. आजीच्या मते ही नुसती नाटकं आहेत. परवा मुलगी म्हणाली, "तुमच्याबरोबर जेवण्यापेक्षा उपाशी राहीन." बाबा अर्धं ताट तसंच ठेवून दुकानात निघून गेले. आई विचारतात: ती वडिलांचा द्वेष करते का? रोज सक्तीनं शेजारी बसवलं तर सवय होईल का? की खोलीतच जेवू द्यावं?

ताई,

मैत्रिणींचं खाणं चालतं, बाळाचं चालतं, डीजे चालतो आणि फक्त बाबांचं चालत नाही, म्हणजे राग बाबांवरच असणार, असा हिशेब तुम्ही मांडला आहे. घरातल्या कुणीही तो असाच मांडला असता. पण ज्यांनी हा त्रास जवळून पाहिला आहे ते याच खुणांवरून उलट निष्कर्ष काढतील. विशिष्ट, बहुतेक वेळा तोंडाचे किंवा नाकाचे, तेही हळू आवाज. ते ऐकताच क्षणात उसळणारा राग किंवा किळस. आणि सगळ्यात जास्त त्रास घरातल्या जवळच्या माणसाच्या आवाजाचा. या त्रासाला मिसोफोनिया म्हणतात. पावेल आणि मार्गारेट यास्त्रेबॉफ या संशोधक दांपत्यानं २००१ मध्ये हे नाव रूढ केलं. बऱ्याच जणांना हा त्रास नऊ ते तेरा या वयाच्या आसपास सुरू होतो, आणि पहिला नकोसा आवाज अनेकदा आईचा, वडिलांचा किंवा भावंडाचा असतो.

घरातल्याच माणसाचा का? कारण तोच आवाज, त्याच जागी, त्याच वेळी, वर्षानुवर्षं कानावर पडतो. मेंदू त्याची वाट बघायला शिकतो. बाबा हात धुवून पाटावर बसले, एवढ्यानंच लेकीचे खांदे वर येत असतील. भाकरी अजून मोडलेलीही नसते. उद्या नीट बघा, दिसेल तुम्हाला. मैत्रिणींच्या डब्याशी तिची अशी जुनी गाठ नाही. बाळाच्या मचमचीला तिच्या मनात वेगळा अर्थ आहे. आवाज कुठून येतो आणि त्याला आपण काय समजतो यावर त्रास कमी-जास्त होतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे: चावण्याचा आवाज दुसऱ्याच एखाद्या कृतीच्या चित्रफितीला जोडून ऐकवला, की तो कमी नकोसा वाटतो.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात २०१७ मध्ये अशा लोकांच्या मेंदूचं चित्रण केलं गेलं. त्रासाचे आवाज लागले की मेंदूच्या घडीत दडलेला इन्शुला नावाचा भाग इतरांपेक्षा खूप जास्त पेटत होता. कशाकडे तातडीनं लक्ष द्यायचं हे ठरवण्यात आणि शरीराच्या आतल्या खाणाखुणा भावनेशी जोडण्यात या भागाचा हात असतो. सोबत हृदयाचे ठोके वाढत होते, तळव्यांना घाम येत होता. म्हणजे विचार करायच्या आतच शरीर भडकलेलं असतं. लेकीच्या तोंडून जे शब्द जातात त्यांची जबाबदारी तिची आहेच, त्यावर पुढे बोलू. पण तो भडका ती ठरवून आणत नाही.

आणि ते वेडावणं. घरात सगळ्यात जास्त जखम त्यानंच झाली असेल, म्हणून त्यावर जरा थांबते. त्याच संशोधकांनी २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. या लोकांच्या मेंदूत ऐकण्याचा भाग आणि तोंड, जबडा, घसा हलवणारा भाग यांच्यात नेहमीपेक्षा घट्ट जोड असते. समोरच्याचं चावणं जणू आपल्याच जबड्यात घुसल्यासारखं त्यांना वाटतं. म्हणून कितीतरी जण तोच आवाज स्वतः काढतात. स्वतः काढला की तो आपल्या ताब्यात येतो आणि क्षणभर सुटका मिळते. लेक बाबांची टिंगल करत नसण्याची शक्यता खूप आहे. हे तिलाच विचारा, पण जेवणाच्या वेळी नको. दुपारी, दोघीच असताना विचारा: "तू तसा आवाज काढतेस तेव्हा तुला बरं वाटतं का?" ती "हो" म्हणाली तर ते उत्तर तिच्या परवानगीनं बाबांपर्यंत पोचवा. मग तोच आवाज तोंड मिटून, जबडा आतल्या आत हलवून काढायचा सराव तिला करता येईल. कुणाला दिसणार नाही, कुणाला लागणार नाही.

आता सक्तीचं. उंदराला घाबरणाऱ्या मुलाला हळूहळू उंदराच्या जवळ नेलं की भीती ओसरते, कारण काही वाईट घडत नाही हे त्याला कळतं. इथे भीती नसते, राग आणि किळस असते, आणि ती तशी ओसरत नाही. दात-ओठ खात तिनं वीस मिनिटं काढली, तर मेंदू एवढंच शिकतो की बाबांच्या शेजारी बसलं की असं होतं. उद्याचा भडका आणखी लवकर येतो. तेव्हा आजींना सांगा, धपाटा नको आणि "सोस जरा" पण नको.

पण खोलीचं दार कायमचं लावून घेणंही मला मान्य नाही. टाळलं की लगेच बरं वाटतं, म्हणून टाळणं वाढत जातं: आधी बाबांचं जेवण, मग चहा, मग आजीचं पान, मग वर्गातल्या मुलीचं नाक ओढणं. शिवाय कान सतत बंद ठेवले की आवाज अधिकच टोचू लागतात. २००३ च्या एका प्रयोगात धडधाकट कानांच्या लोकांनी दोन आठवडे कानात बोळे घालून दिवस काढले, आणि त्यांना आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले. ज्यांच्या कानाशी त्याच काळात हलका सलग आवाज ठेवला होता, त्यांची सहनशक्ती उलट वाढली. पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं यावरच उभं आहे: शांतता वाढवू नका, सौम्य आवाज वाढवा.

पण सुरुवात तपासणीनं करा. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा आणि मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. कानात मळ, संसर्ग, सतत गुंईं असा नाद, अर्धशिशी यांतलं काही नाही ना, हे एकदा बघून घ्या आणि श्रवणचाचणी करून घ्या. जिला कोणताही मोठा आवाज कानात दुखतो तिचा आजार वेगळा, त्याला हायपरॲक्युसिस म्हणतात आणि त्याचे उपचारही वेगळे. तुमच्या लेकीला डीजे चालतो, त्यामुळे तो नसावा. चाचणीत मोठे आवाज अचानक लावू नका, आधी सांगा, एवढी विनंती तंत्रज्ञांना जरूर करा. मिसोफोनिया अजून मानसिक आजारांच्या अधिकृत जागतिक यादीत नाही. त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी हे नाव ऐकलेलं नसलं तर वाद घालू नका. कोणता आवाज, कोणाचा, शरीरात काय होतं, किती वेळ टिकतं, एवढं सांगा.

ते सांगता यावं म्हणून लेकीनं दोन आठवडे एका वहीत नोंद करावी. वेळ, आवाज, कुणाचा, राग दहापैकी किती, शरीरात कुठे जाणवलं, काय केलं, आणि त्या दिवशी झोप व भूक कशी होती. शेवटचा रकाना विसरू नका. अपुरी झोप, लांबलेलं जेवण, उद्याचा गणिताचा पेपर असला की चारचा राग आठवर जातो. हे एकदा तिच्याच अक्षरात दिसलं की तिलाही धीर येतो, कारण झोप आणि भूक यांचं काही करता येतं. दोन आठवड्यांनी वही बंद करा. त्यापुढे आवाज मोजत बसलं की लक्ष अजूनच तिकडे जातं.

आता जेवणघर. आपल्याकडे एकत्र जेवणं म्हणजे प्रेम, आणि ताटावरून उठणं म्हणजे अपमान. तुमच्या घरातलं निम्मं भांडण आवाजाचं नसून या अर्थाचं आहे. म्हणून काही दिवस बाप-लेकीचं नातं ताटातून बाहेर काढा. बाबांनी तिला शाळेत सोडावं, संध्याकाळी दोघांनी दुकानाचा हिशेब करावा, गाडीवरून चक्कर मारून यावं. जिथे चावण्याचा आवाज नाही आणि वाऱ्याचा, रस्त्याचा आवाज आहे, तिथे दोघांचं रोज अर्धा तास बोलणं होऊ द्या. जेवणापेक्षा हे आधी सुरू करा.

एकत्र जेवण आठवड्यातून दोनदाच ठेवा, तेही पंधरा मिनिटांचं. बाकीच्या दिवशी तिनं आधी जेवून घ्यावं, उघड्या दाराच्या खोलीत, आणि त्यावर कुणी टोमणा मारू नये. त्या दोन दिवशी बेत मऊ करा: मुगाची खिचडी, वरणभात, गरम ज्वारीची भाकरी आणि पिठलं. कडक भाकरी बाबांना हवीच असेल तर आमटीत कुस्करून पाच मिनिटं मुरू द्या. भिजली की तिचा कडकडाट जातो आणि चव वाढते, हे सोलापूरकरांना मी काय सांगावं! पापड, भाजलेले शेंगदाणे, कच्चा कांदा, काकडीच्या फोडी त्या दिवशी नकोत. आमटी वाटीला तोंड लावून न पिता भातावर घेतली की भुरका उरतच नाही.

बसायची जागा बदला. समोरासमोर नको, कारण हलणारा जबडा नुसता दिसला तरी अनेकांना त्रास होतो. एकाच ओळीत बसा, बाप-लेकीच्या मध्ये तुम्ही किंवा आजी. शहाबादी फरशी आणि मोकळ्या भिंती आवाज परतवतात, म्हणून खाली जाड सतरंजी अंथरा, जवळ पडदा असेल तर ओढून घ्या. स्टीलच्या ताटात चमचा खरडण्याचा आवाज तिला खुपत असेल तर हातानं जेवा.

मागे एखादा सलग आवाज हवा. टीव्हीवरच्या बातम्या कामाच्या नाहीत. दोन वाक्यांच्या मधे फट राहते आणि भाकरीचा आवाज नेमका त्या फटीतून निसटतो. टेबलफॅन, किंवा मोबाइलवर पावसाचा नाहीतर नदीचा आवाज चांगला. तो लेकीच्या जवळ, तिच्या आणि बाबांच्या मध्ये ठेवा. किती मोठा? तुम्ही आवाज न चढवता बोललात तर तिला कळलं पाहिजे, एवढाच. भाकरीचा आवाज पूर्ण बुडवायला जाऊ नका. तो त्यात विरघळला की पुरे.

इअरफोनबद्दल तिला हे समजावून सांगा, कारण इथे बहुतेक मुलं फसतात. फोमचे बोळे घालून जेवलं तर बाहेरचा आवाज कमी होतो, पण बंद कानात स्वतःचंच चावणं घुमू लागतं, आणि काहींना तोही त्रास सुरू होतो. आवाज कापणारे महागडे हेडफोन एसटीची घरघर, पंखा असे जाड, एकसारखे आवाज छान कापतात. कडकडाट, मचमच, टकटक असे अचानक येणारे बारीक आवाज त्यांतून बरेचसे तसेच येतात. तेव्हा पैसे खर्चायची घाई नको. जेवताना बाबांच्या बाजूच्या एकाच कानात साधा इअरफोन, हळू आवाजात पाऊस, दुसरा कान घरच्यांसाठी मोकळा, एवढं पुरतं. दिवसभर मोठ्या आवाजात ऐकत राहणं घातकच. जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी आठवड्याला ४० तास आणि ७५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. मोबाइलचा आवाज निम्म्याच्या फार वर नेऊ नये, असा नियम घरात करा.

शरीरासाठी एक छोटी गोष्ट. जेवायला बसण्यापूर्वी पाच वेळा, चार आकडे मोजत श्वास आत आणि सहा आकडे मोजत बाहेर. मग दातांच्या रांगा एकमेकींपासून सुटू द्यायच्या, जीभ सैल, खांदे खाली, दोन्ही तळपाय जमिनीवर दाबायचे. भडका उडाल्यावर हे आठवत नाही, म्हणून ते आधी, रोज, अगदी एकटी जेवतानाही करायचं. पानावर बसल्यावर राग सहाच्या वर गेला तर उठायची सोय हवी. "मी पाणी आणते" हे वाक्य घरात ठरवून ठेवा. ते ऐकलं की कुणी "कुठे चाललीस?" विचारायचं नाही. स्वयंपाकघरात जाऊन मनगटावर गार पाणी घ्यायचं, दोन-तीन मिनिटांनी तांब्या भरून परत यायचं. परत येणं महत्त्वाचं आहे. उठणं आणि पळून जाणं यातला फरक मेंदूला तिथेच कळतो.

बाबांनी काय करावं? तोंड मिटून, लहान घास. पण तेवढ्यानं त्रास जाईल असं वचन त्यांना देऊ नका. मग ते प्रत्येक घासाला चोरट्यासारखे जेवतील आणि लेक प्रत्येक घासाला पहारा देईल. त्यांचं नाक सतत चोंदलेलं असतं का, हे मात्र बघा. ज्याला नाकानं श्वास घेता येत नाही त्याला तोंड मिटून चावताच येत नाही. ॲलर्जी, नाकाचं वाकडं हाड, काढलेली दाढ, सैल कवळी यांवर उपचार होतात, आणि ते त्यांच्यासाठीही बरे. त्यांना चुकूनही ऐकवू नका की तुमच्यामुळे मुलीला आजार झाला. तसं नाही. लेकीनंही त्यांचा आवाज चोरून मोबाइलवर टिपून ठेवू नये. ठेवला असेल तर पुसून टाका.

परवाच्या वाक्याबद्दल तिनं माफी मागायला हवी. रागाची नाही, शब्दांची. तिला शब्द सुचत नसतील तर असे काहीतरी: "बाबा, मी बोलले ते चुकलं. तुमचा आवाज ऐकला की माझ्या अंगात काहीतरी पेटतं, ते मला थांबवता येत नाही. तुमच्यावर राग नाही. मी उठले तर पाणी आणायला उठले असं समजा." हे जेवणाच्या वेळी नको, गाडीवर किंवा दुकानात बोलू द्या.

एवढं करून दोन-तीन महिन्यांत फरक दिसला नाही, तर सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा बोलण्यातून होणारा उपचार, जाणणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. या त्रासावर सगळ्यात नीट तपासलेला उपचार तोच आहे. नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. तीन महिने गटात उपचार घेतलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना ठळक फरक पडला, उपचाराची अजून वाट पाहणाऱ्या गटात एकालाही नाही. सगळ्यांना गुण येत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. म्हणून अपेक्षा बरं होण्याची नको, त्रासासकट चांगलं जगता येण्याची ठेवा. खास या त्रासावरची गोळी अजून नाही. सोबत चिंता, नैराश्य किंवा मंत्रचळ (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा) असेल तर त्यावर औषध दिलं जातं. तज्ज्ञांना पहिल्याच भेटीत विचारा: तुम्ही तिला नकोसे आवाज ऐकवत बसवणार आहात का? उत्तर सरळ "हो" आलं, आणि त्याआधी शरीर शांत करण्याची, लक्ष वळवण्याची तयारी नसेल, तर दुसरीकडे विचारा.

ती जेवणच टाळून वजन घटवत असेल, स्वतःला चिमटे काढत किंवा मारून घेत असेल, कुणावर हात उगारत असेल, शाळा बुडवत असेल किंवा जगण्याबद्दल नकोसं बोलत असेल, तर दोन-तीन महिने थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

दहावीचं वर्ष आहे म्हणून थोडं: वर्गात पहिल्या रांगेत, पंख्याखाली, भिंतीच्या बाजूला जागा मागा, म्हणजे नाक ओढणारी आणि पेन टकटकवणारी मुलं निदान दिसणार नाहीत. बोर्डाच्या केंद्रावर जागा निवडता येत नाही. त्यामुळे सरावाचे चार-पाच पेपर तिनं अगदी शांत खोलीत न सोडवता गावातल्या अभ्यासिकेत सोडवावेत.

हेच पत्र सासऱ्यांच्या बशीतल्या चहाला कंटाळलेली सून लिहू शकली असती, किंवा पुण्यात खोलीतल्या सोबतिणीच्या चिप्सना वैतागलेली विद्यार्थिनी. त्यांनाही जागा बदलणं, सलग आवाज, ठरवून उठणं आणि परत येणं हेच लागू आहे. सुनेनं मात्र हे आधी नवऱ्याशी बोलावं आणि सासऱ्यांपर्यंत त्यानंच पोचवावं. सोबतिणीला "तू मचमच करतेस" म्हणण्यापेक्षा "मला असा त्रास आहे, खाताना पंखा लावूया का?" असं विचारावं.

ताई, पहिलं एकत्र जेवण येत्या रविवारी दुपारी ठेवा, रात्री सगळे थकलेले असतात. खिचडी, कढी, पंखा, सतरंजी. घड्याळ तुमच्या समोर. पंधरा मिनिटं झाली की सगळं छान चाललं असलं तरी ताटं उचला.